संसार सांभाळून व्यापारविद्या
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शिक्षणाचे महत्त्व या सभेस नव्याने सांगावे, अशी स्थिती आता उरलेली नाही. तेव्हा त्या विस्तीर्ण विषयाचा एकच लहानसा कोपरा आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत, आणि तोही एका चुकीच्या निमित्ताने. ती चूक आमच्याच हातून घडलेली आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आपल्या शिष्यवृत्ती-समितीत आम्ही गेली काही वर्षे काम करीत आहोत. गतवर्षी समितीपुढे जे अर्ज आले, त्यांत दोन अर्ज निराळे होते. एक अर्ज तालुक्याच्या गावी भांड्यांचे वडिलोपार्जित दुकान चालविणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाचा होता. वडील अकाली निवर्तल्यामुळे बी. कॉम. होताच त्यास गल्ल्यावर बसावे लागले. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. दुसरा अर्ज बँकेत नोकरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आईचा होता. दोघांनीही दूरशिक्षणाच्या मार्गाने व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी, म्हणजे ज्यास सर्वजण एम. बी. ए. म्हणतात त्या अभ्यासक्रमासाठी नाव घातले होते आणि शुल्कापुरती मदत मागितली होती. आपल्या छापील अर्जात 'पूर्णवेळ महाविद्यालयाचे नाव' असा एक रकाना आहे. तो रकाना दोघांनाही भरता आला नाही. समितीने 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून दोन्ही अर्ज परत केले. त्या शेऱ्याखाली सही आमची आहे.

पुढे त्या तरुणाचे चार ओळींचे पत्र आले. त्यात तक्रार नव्हती. संघाची मदत ज्यांना गाव सोडून जाता येते त्यांच्यासाठीच आहे काय, एवढेच त्याने नम्रपणे विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या पत्राचे उशिरा दिलेले उत्तर होय.

दूरशिक्षण म्हणजे नापासांसाठी काढलेली पळवाट, असा एक समज आपल्यांतील पुष्कळांच्या मनात घर करून आहे. तो समज दूर होण्यासाठी या शिक्षणाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. इंग्लंडात १८४० साली स्वस्त टपालाची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. लंडन विद्यापीठाने १८५८ साली असे ठरविले, की विद्यार्थी कोठेही राहून अभ्यास करो, तो आमच्या परीक्षेस बसू शकेल. पुढे १९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाची सनद निघाली आणि १९७१ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले. त्या विद्यापीठाच्या स्थापनेसाठी ज्या जेनी ली झटल्या, त्या एका खाणकामगाराच्या कन्या होत्या. ज्यांच्या हाताला काम आहे, त्यांच्या मस्तकाला विद्येचे दार बंद का असावे, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसावा.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग उघडला. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तोच मार्ग धरला. हैदराबाद येथे १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, आणि आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ साली ज्या दोन अभ्यासक्रमांनी आपल्या कामाचा श्रीगणेशा केला, त्यांतील एक व्यवस्थापनाचा होता. नोकरीधंद्यातील माणसास हीच विद्या प्रथम हवी असते, हे चालकांनी अचूक ओळखले होते.

व्यवस्थापनाची विद्याही तशी फार जुनी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एम. बी. ए.चे शिक्षण १९०८ साली सुरू झाले. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ चे. अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ च्या. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. मात्र या संस्थांत प्रवेश मिळवावयाचा तर दोन वर्षे घरदार व मिळकत सोडून जावे लागते. ज्यास हे शक्य आहे आणि ज्यास प्रवेश मिळतो, त्याने अवश्य जावे. पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, घरची जबाबदारी नसलेल्या तरुणास आम्ही आजही हाच सल्ला देऊ. चांगल्या महाविद्यालयात मिळणारा सहाध्यायांचा सहवास आणि तेथे चालून येणाऱ्या नोकऱ्या दूरशिक्षणात लाभत नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु ज्याचे पाय संसाराने बांधलेले आहेत, त्यास दूरशिक्षणावाचून दुसरा रस्ता कोणता?

आता या शिक्षणाची रीत कशी असते ते पाहू. विद्यार्थी विद्यापीठाकडे नाव नोंदवितो. त्यास प्रत्येक विषयाच्या पुस्तिका मिळतात, आणि आता तर त्या मोबाइलच्या पडद्यावरही वाचता येतात. या पुस्तिका स्वतःच स्वतःस शिकविता यावे अशा बेताने लिहिलेल्या असतात. जवळच्या अभ्यासकेंद्रावर ठरावीक दिवशी मार्गदर्शनाचे वर्ग होतात, आणि काही व्याख्याने घरी बसून ऐकता येतात. प्रत्येक विषयाचे स्वाध्याय लिहून द्यावे लागतात व सत्राच्या अखेरीस केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. सामान्यतः शंभरांतील तीस गुण स्वाध्यायांस आणि सत्तर परीक्षेस असतात. शेवटी एखाद्या प्रत्यक्ष व्यवसायाचा अभ्यास करून प्रकल्प-अहवाल सादर करावयाचा असतो.

या शिक्षणात 'सवड' आहे, असे जाहिरातींतून सांगितले जाते. ती सवड किती आणि कशी, हे वहीत मांडून पाहावे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयास एकशेवीस तास लागले. सहामाहीत असे चार विषय घेतले तर चारशेऐंशी तास झाले. सहामाहीचे चोवीस आठवडे धरले, तर दर आठवड्यास वीस तास पडतात. म्हणजे दुकान बंद झाल्यावर किंवा उघडण्यापूर्वी, रविवारसुद्धा, रोज जवळजवळ तीन तास! दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करण्याची मुभा तेथे आहे. ती पुरेपूर घेतली तर रोजचा भार निम्मा होतो. खरी सवड ती हीच. अभ्यास कमी होत नाही, तो अधिक दिवसांवर पसरतो. नफा तेवढाच, हप्ते मात्र लहान, असे आपल्या व्यापाराच्या भाषेत म्हणावे.

कोणी विचारील, की पिढ्यान्पिढ्या तांब्यापितळेचा व्यापार केलेल्या आपल्या समाजास व्यापार पुस्तकातून शिकण्याची गरज काय? मोड कोणत्या भावाने घ्यावी, तिच्यात घट किती धरावी, लग्नसराईपूर्वी हंडे-घागरी किती भराव्या, हे आपल्या वडिलांना कोणी शिकविले होते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही एका उदाहरणाने देतो.

समजा, दोन दुकानदार आहेत. दोघेही वर्षास बारा लाख रुपये खरेदीकिमतीचा माल विकतात आणि दोघांचा नफाही सारखा आहे. पहिल्याच्या दुकानात सरासरी सहा लाखांचा माल पडून असतो, दुसऱ्याच्या दुकानात तीन लाखांचा. पहिल्याच्या मालाचा वर्षात दोनदा फेर होतो, दुसऱ्याच्या मालाचा चारदा. पहिल्याचे दुकान भरलेले दिसते, त्यास गावात मान अधिक मिळतो, आणि तोही मनात म्हणतो, की पितळेचे भांडे काही नासत नाही आणि खायलाही मागत नाही! परंतु ते भांडे खाते. शेकडा बारा दराने त्या जास्तीच्या तीन लाखांचे व्याज वर्षाला छत्तीस हजार, म्हणजे महिन्यास तीन हजार रुपये होते. फळीवरची भांडी दरमहा तीन हजार रुपये गिळतात आणि रोजमेळात त्याची कोठेही नोंद नसते. बँकेचे कर्ज नसले तरी हा हिशेब चुकत नाही, कारण तेच तीन लाख अन्यत्र गुंतविले असते तर त्यांनी काही मिळविलेच असते.

आपल्या वडिलांना हे कळत नव्हते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काळी तांबे-पितळ हेच घराघरांतील चलन होते. माल आज ना उद्या खपत असे. पुढे स्टील आले, मग प्लास्टिक आले, आणि आता गिऱ्हाईक घरी बसून मोबाइलवर भांडी मागविते. रुखवतातील भांड्यांची संख्या घटली. अशा वेळी कोणता माल ठेवावा, कोणता सोडावा, उधारी किती दिवसांची द्यावी, हे केवळ सवयीने ठरविता येत नाही. गल्ल्यावर बसून जे अनुभवास येते, त्यास नाव देण्याची व माप लावण्याची शक्ती या शिक्षणाने येते. आणि येथे दुकानदार विद्यार्थ्यास एक मोठा लाभ आहे. महाविद्यालयातील मुलगा जे सकाळी फळ्यावर पाहतो, ते त्यास ताडून पाहण्यास दुकान नसते. आपल्या तरुणाने रात्री वाचलेला धडा सकाळी कुलूप काढताच समोर उभा असतो.

येथपर्यंत आम्ही गुण गाइले. आता आमच्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगतो, कारण ती अधिक उपयोगी आहे.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी आम्हीही मोठ्या उमेदीने या अभ्यासक्रमास नाव घातले होते. पुस्तकांचा गठ्ठा घरी आला तेव्हा आमच्या मातोश्रींनी त्यास हळदकुंकू वाहिले. पहिल्या आठवड्यात आम्ही दोन पुस्तिका वाचल्या. पुढे लग्नसराई आली, मग वर्षअखेरीचे हिशेब आले, मग घरात आजारपण आले. गठ्ठा टेबलावरून कपाटावर गेला. स्वाध्याय देण्याची तारीख उलटून गेली, आणि विशेष हे, की ती उलटल्याचे आमच्याशिवाय कोणालाच कळले नाही. महाविद्यालयात मुलगा चार दिवस दिसला नाही तर कोणी तरी विचारते. येथे विचारणारे कोणी नव्हते. वर्षभराने ती पुस्तके रद्दीत देताना आमच्या मनास जे वाटले, ते आज इतक्या वर्षांनी सांगतानाही सुखाचे नाही.

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा नाव घातले. बुद्धी तीच होती, दुकान तेच होते, आणि वेळ तर पहिल्याहून कमी होता. फरक एवढाच, की या खेपेस अभ्यासकेंद्रावर आणखी दोघे समदुःखी भेटले. त्यांतील एक औषधांच्या दुकानात हिशेबनीस होते आणि दुसरे साखर कारखान्यात नोकरीस. दर रविवारी सकाळी सात ते दहा आम्ही तिघे एका शाळेच्या ओसरीवर बसत असू. जो स्वाध्याय लिहून आणणार नाही त्याने तिघांच्या चहाचे पैसे द्यावयाचे, असा आमचा दंडक होता. आम्ही पुष्कळदा चहा पाजला; परंतु साडेतीन वर्षांनी तिघेही उत्तीर्ण झालो. दूरशिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रू एकटेपणा आहे, हा धडा आम्हांस त्या ओसरीने शिकविला. तो कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नव्हता.

भगिनीवर्गाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुरुष अभ्यासास बसला की घर त्यास शांतता देते. स्त्री बसली की घर तिला हाक मारते. आमच्या नात्यातील एका सुनेने पहाटे साडेचार ते सहा अभ्यास करून ही पदवी मिळविली. ती बुद्धिमान आहेच, परंतु यशाचे अर्धे श्रेय ती आपल्या सासूबाईंना देते. परीक्षेच्या महिन्यात सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आणि नातवाची शाळा आपल्याकडे घेतली होती. शिक्षणास मदत केवळ पैशानेच करावी लागते असे नाही, हे त्या माउलीने कोणत्याही समितीपेक्षा लवकर ओळखले.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. जेथे मागणी वाढते तेथे खोटा माल येतोच, हे व्यापाऱ्यांच्या सभेत सांगावयास नको. 'एका वर्षात एम. बी. ए.', 'परीक्षेविना पदवी' असे सांगणारे दलाल गावोगाव फिरत असतात. पदव्युत्तर पदवी परीक्षेविना घरपोच मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट सत्र या तिन्हींस मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहावे. संस्थेस एके काळी मान्यता होती, एवढ्याने भागत नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेचीही चौकशी करावी. पदवी आणि पदविका यांतील भेद विचारून घ्यावा; पुष्कळ खाजगी संस्था देतात ती पदविका असते. तिचे मोल असेल, पण ती पदवी समजून घेऊ नये. शुल्क भरावे ते विद्यापीठाच्या खात्यात, मध्यस्थाच्या हातात नव्हे.

उलटपक्षी, अशा रीतीने मान्यता असलेल्या पदवीस कमी लेखण्याचेही कारण नाही. मान्य संस्थेतून दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी प्रत्यक्ष महाविद्यालयात मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानावी, ही तरतूद आयोगाच्या २०२० च्या नियमांत आहे आणि २०२२ साली आयोगाने ती पुन्हा स्पष्ट केली आहे. सरकारने जी पदवी समान मानली, ती आपल्या ज्ञातिसंघाच्या अर्जातील रकान्यात मात्र मावत नाही, ही गोष्ट आपणांस शोभत नाही.

म्हणून आम्ही संघापुढे चार सूचना ठेवीत आहोत. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांतील 'पूर्णवेळ' हा शब्द काढून त्या जागी 'मान्यताप्राप्त' हा शब्द घालावा. दुसरी, दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यास मदत एकरकमी न देता बिनव्याजी कर्जाच्या रूपाने सहामाहीगणिक द्यावी. मागील सत्राची गुणपत्रिका दाखवावी आणि पुढील हप्ता घ्यावा. यामुळे संघाचा पैसाही सुरक्षित राहील आणि विद्यार्थ्यास विचारणारे कोणी तरी असेल. तिसरी, आपले हे सभागृह लग्नकार्याचे दिवस सोडले तर रिकामेच असते. त्यातील मागची खोली दर रविवारी सकाळी तीन तास उघडी ठेवावी. चार बाके, दोन दिवे आणि पिण्याचे पाणी, एवढेच भांडवल पुरे आहे. जे उत्तीर्ण झाले त्यांनी तेथे महिन्यातून एकदा येऊन बसावे. आमचे नाव त्या यादीत पहिले घालावे. चौथी सूचना पैशाची नाही. परीक्षेच्या दिवसांत ज्याच्या दुकानात दुसरे माणूस नाही, त्याचे दुकान सांभाळण्यास शेजारच्या गावातील एका ज्ञातिबांधवाने जावे. लग्नात आपण एकमेकांच्या घरी आठ-आठ दिवस राबतो. परीक्षेसाठी तीन दिवस गल्ल्यावर बसणे आपणांस जड जाऊ नये.

अध्यक्षमहाराज, हे करण्यास फार मोठा निधी लागणार नाही. एक शब्द खोडावा लागेल आणि एक कुलूप उघडावे लागेल. गतवर्षीचे ते दोन्ही अर्ज समितीच्या दप्तरी नक्कल करून ठेवलेले आहेत. सभेने अनुमती दिल्यास ते पुन्हा विचारार्थ घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्या तरुणास व त्या भगिनीस पत्र लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू, आणि झालेल्या विलंबाबद्दल त्या पत्रात क्षमाही मागू. तो तरुण अजून दुकान उघडण्यापूर्वी पुस्तक उघडतो, असे त्याच्या गावाहून आलेल्या मंडळींकडून आम्हांस आजच सकाळी कळले. आपले पत्र त्याच्या पुढल्या परीक्षेपूर्वी पोहोचावे, एवढीच इच्छा आहे.